पुलाच्या अलीकडे विना एसी

१८ एप्रिल २००४, रविवार

समाधान नवी गाडी दाखवायला आला. ललिताचा धाकटा भाऊ. आमचं लग्न झालं तेव्हा हाफ पँटीत होता. सहा वर्षं बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता हिंजवडीला. गाडीला झेंडूचा हार, आत सासूबाई, सगळ्या काचा बंद. म्हणाला, दाजी बसा, एक राउंड मारू, फुल एसी. मी म्हणालो, पुण्यात एसी कशाला लागतो. त्यावर क्वार्टरखाली जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला नसेल लागत. ताई बिचारी जन्मभर तुमच्या गाडीत भाजली."

सासूबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. म्हणजे त्यांचंही मत तेच.

पेढ्यांचा पुडा ठेवून गेला. हात लावणार नाही.

संध्याकाळी: दोन खाल्ले. अन्न वाया घालवणं चूक.

१९ एप्रिल

'भाजली' हा शब्द डोक्यातून जात नाही. ललिताला जाऊन वर्ष होत आलं. आजवर नुसतं दुःख होतं. आता सूडही घ्यायचा आहे. दोन्ही एकदम करता येईल.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. आमची मारुती एसीवाली आहे हे खरं. तेव्हा साध्या मॉडेलला नंबर लावून थांबावं लागत होतं, एसीवाली लगेच मिळत होती. एसीवाली घेतली म्हणजे एसी लावायचा असं होत नाही. एसी इंजिनावर चालतो, इंजिन पेट्रोलवर, पेट्रोल माझ्या पगारावर. हे ललिताला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. तिने मान डोलावली. त्यानंतर या विषयावर आमचा एकदाही वाद झाला नाही. म्हणजे नियम दोघांचा होता.

शिवाय पुरावा आहे. ललिता स्वतः गाडी चालवायची, मीच शिकवली. दर रविवारी आमच्या मुलीला, दीक्षाला घेऊन होळकर पुलावरून येरवड्याला जायची. आधी विहार, मग माहेर. परत यायची तेव्हा मी गॅलरीत उभा असायचो. गाडीच्या काचा खाली, केस उडालेले, चेहरा प्रसन्न. वारा आवडायचा तिला. आणि मागच्या सीटवर भर मे महिन्यातही शाल ठेवायची. ज्या बाईला मे महिन्यात शाल लागते तिला एसी कशाला हवा?

समाधानला यातलं काय माहीत. बंगलोरला होता.

२० एप्रिल

योजना तयार. ६ जूनला ललिताचा पहिला स्मृतिदिन. विहारात सगळे नातेवाईक येतील. माईक असतो. मी बोलणारा माणूस नाही. फॅक्टरीत सगळं आयुष्य तपासणी विभागात काढलं, तिथे 'पास' किंवा 'नापास' एवढंच बोलायचं असतं. माईकवर फक्त आकडे सांगेन. एसी लावून ॲव्हरेज किती, न लावता किती. मग समाधानकडे बघेन. तेवढं पुरे.

विना एसी आमच्या गाडीचं ॲव्हरेज सोळा. हे खडकीत सगळ्यांना माहीत आहे.

२५ एप्रिल, रविवार

समाधानला फोन करून चाचणीची कल्पना दिली. शत्रूला आधी सांगितलेलं बरं. तो म्हणाला, दाजी, गाडी पळत असताना काचा उघड्या ठेवल्या तर वारा आत भरतो, गाडी अडते, त्यात एसीइतकंच पेट्रोल जातं. मी म्हणालो, पुण्यात गाडी पळते कुठे. फोन ठेवला. पहिला वार माझा.

नंतर वाटलं, तो हसत होता.

२ मे, रविवार

पहिली चाचणी, विना एसी. टाकी काठोकाठ भरली. गाडी हलवून हवा काढली, पुन्हा भरली, पुन्हा हलवली. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, लोणच्याची बरणी नाही ती." दुर्लक्ष केलं.

खडकवासल्याला जाऊन यायचं ठरवलं होतं. अख्खं पुणे तिथेच जाऊन यायचं ठरवून निघालेलं. सिंहगड रोडवर पहिल्या गिअरमध्येच राहिलो. धरणावर एक कणीस खाल्लं, परत आलो. ॲव्हरेज तेरा.

चाचणी नापास. आकडा कुठेही धरणार नाही. यापुढे नगर रोडने वाघोलीपर्यंत.

४ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात खीर वाढायचं काम माझ्याकडे आलं. समाधान पंगतीत. त्याच्या वाटीत एकही काजू जाऊ दिला नाही. त्याने दुसऱ्यांदा मागितली. तेव्हाही नाही.

त्याच्या लक्षात आलं नसावं. पण मला बरं वाटलं.

८ मे

उद्या एसी लावून चाचणी. इतकी वर्षं वापरला नाही म्हणजे गॅस उडाला असणार. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवला. तो म्हणाला, गॅस फुल्ल आहे, एसी एकदम रनिंगमध्ये आहे. मी सांगितलं, एकदाही लावलेला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

वस्तू न वापरता नीट ठेवली की अशी टिकते. समाधानला हेही सांगायला हवं.

ड्रायव्हरसमोरची जाळी तोंडावर वारा येईल अशी वळवलेली आहे. धूळ बसू नये म्हणून मीच वळवली असेन.

९ मे, रविवार

एसी लावून वाघोली. ॲव्हरेज पंधरा. एसी न लावता तेरा आणि लावून पंधरा, हे शक्य नाही. जाताना मागून वारा असावा. येताना दिशा बदलली असावी. हीही चाचणी नापास.

दीक्षा म्हणाली, पप्पा, सोडून द्या ना आता. कल्याणीनगरला कंपनीच्या एसी कॅबने जाते, तिला सवय झाली आहे. मामाने फितवलं आहे का विचारलं. ती म्हणाली, कोणी फितवलेलं नाही, तुम्ही जेवून घ्या. काहीतरी लपवते आहे. समाधानच्या खात्यावर हेही लिहिलं.

१२ मे

उकाडा फार. गाडीत बसून राहिलो, बाहेर जायचं नव्हतं. शाल मागे अजून तशीच आहे.

समाधानला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. मागच्या जूनमध्ये ललिताला पुलापलीकडच्या हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ती पुढच्या सीटवर होती, घामाने भिजलेली. मी आपणहून विचारलं, एसी लावू का? नियम मोडायला मी तयार होतो. ती हसली. म्हणाली, "पूल येऊ दे." ताप चढला होता, काहीतरी बोलत होती. पूल यायच्या आधी तिचा डोळा लागला. मग लावला नाही. झोपलेल्या माणसाला गार वारा बरा नाही.

म्हणजे तिने स्वतःच नको म्हटलं. तसाच अर्थ होतो त्याचा.

समाधानला सोडणार नाही.

२३ मे, रविवार

आज विना एसी वाघोली. पंधरा. लावूनही पंधरा, न लावताही पंधरा. पंपाचं मशीन संशयास्पद.

अखेरची चाचणी पुढच्या रविवारी, साक्षीदारांसह. एसी लावून. गाडीत समाधान, सासूबाई आणि दीक्षा असतील. चार माणसांचं वजन पडलं की आकडा खाली येईल. यात लबाडी नाही. एसी असला की माणसं गाडीत बसायला येतातच, तो एसीचाच खर्च.

समाधानला फोन केला. लगेच तयार झाला. म्हणाला, "ताईच्या गाडीत एकदाचा एसी लागणार असेल तर मी वाघोलीच काय, नगरपर्यंत येतो."

बोलू दे. सातच दिवस.

३० मे, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

खडकीत टाकी भरली. येरवड्याला जाऊन समाधान आणि सासूबाईंना घेतलं. समाधान पुढे, सासूबाई आणि दीक्षा मागे. काचा बंद, एसी चालू. सासूबाईंनी बसल्या बसल्या मागे हात घालून शाल काढली आणि पांघरली. वाटलं, म्हाताऱ्या माणसांना शाल बरोबर सापडते.

वाघोलीला गाडी वळवली. परतताना सासूबाईंना झोप लागली. चहाला सगळे आमच्याकडे यायचे होते, म्हणून येरवड्यात न थांबता सरळ पुढे आलो. होळकर पुलाच्या तोंडाशी खड्ड्यात गाडी आदळली. सासूबाई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "ललिता, पूल आला गं. काच खाली कर. जावई गॅलरीत उभे असतील."

गाडी चालवत राहिलो. समाधानने मागे वळून विचारलं, काय म्हणालीस आई? तोवर त्या पुरत्या जाग्या झाल्या होत्या. समोर माझं डोकं दिसलं. म्हणाल्या, काही नाही बाई, झोपेत बोलले.

मग दीक्षा बोलली. म्हणाली, आता ऐकाच. आई पूल ओलांडला की एसी लावायची. येताना पुलावर बंद करायची, काचा खाली करायची, हाताने केस विस्कटायची. माझेपण. आम्ही घरापर्यंत हसायचो. गॅसपण तीच भरून आणायची, दर उन्हाळ्यात. आज्जी यायची तेव्हा तिला शाल. "मामा, तू उगाच बोललास पप्पांना. आई भाजली वगैरे काही नाही. आम्ही गारठायचो."

समाधान माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "सॉरी, दाजी. मला माहीत नव्हतं."

हेच हवं होतं मला. साक्षीदारांसमोर माफी.

पंप मागे राहून गेला. क्वार्टरखाली आल्यावर लक्षात आलं. चाचणी नापास.

३१ मे

सोळा हा आकडा ललिता गाडी चालवायची तेव्हाचा, म्हणजे एसीसकट होता. म्हणजे एक तर एसीने फारसा फरक पडत नाही, नाहीतर ललिता माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायची. दोन्ही निष्कर्ष मान्य नाहीत.

गॅरेजवाल्याला माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. सासूबाईंनी त्या दिवशी तोंड वळवलं ते हसू लपवायला.

ऑफिसला सुट्टी टाकली. कारण लिहिलं: उष्णता.

२ जून

ताप नव्हता तिला. हॉस्पिटलच्या कागदावर साफ लिहिलं होतं, मीच वाचलं होतं.

'पूल येऊ दे' म्हणाली. हसून म्हणाली. म्हणजे पूल आल्यावर लावा, असं सांगत होती. शेवटी मलाही त्यात घेत होती. आणि मी तिला पुलावरून तसंच नेलं.

समाधानवर राग आणून बघितला. आला नाही.

६ जून, रविवार

विहार भरलेला. भन्तेजींनी वंदना घेतली. नंतर कोणीतरी माईक माझ्या हातात दिला. खिशात भाषणाचा कागद होता, त्यात आकडे. मी म्हणालो, "ललिता गाडी फार चांगली चालवायची." मग बसलो. लोकांना वाटलं मला भरून आलं. तसं नाही. बोलायचं तेवढंच होतं.

खीर आज समाधान वाढत होता. माझ्या वाटीत काजूच काजू टाकले. म्हणाला, "घ्या दाजी, मागच्या वेळचे राहिलेत." म्हणजे लक्षात आलं होतं त्याच्या.

सासूबाईंना घरी सोडलं. दीक्षा तिथेच राहिली. एकटा निघालो. एसी लावला. गाडी इतकी गार झाली की मागची शाल घ्यावीशी वाटली, घेतली. पूल आला. एसी बंद केला, काचा खाली केल्या. माझ्या डोक्यावर विस्कटायला काही नाही, तरी हात फिरवला. क्वार्टरपाशी वर बघितलं. गॅलरीत कोणी नव्हतं.

टाकी भरलेली नाही, ॲव्हरेज काढलेलं नाही. पण एक नोंद करून ठेवतो, समाधानने कधी विचारलंच तर. एसी लावला तो पुलाच्या पलीकडे. पुलाच्या अलीकडे नियम कायम आहे.