वन्संना, शिशाच्या बॅटऱ्यांविषयी

तीर्थरूप वन्सं यांस,

नमस्कार, तोही बसूनच, कारण वाकलं की कंबर बोलते. तुमचे गुडघे कसे आहेत? इथे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. कुरकुर आहे ती माझी.

आम्ही राहती गाडी घेतली हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही त्यावर महिनाभर अबोला धरला होतात). तीन महिने तळ्याकाठी राहायचं, तर यांचं इन्सुलिन थंड राहिलं पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी अट घातली: बाहेरच्या विजेशिवाय गाडीतला फ्रिज तीन दिवस चालवून दाखवा, मग जा. यांनी दोन शिशाच्या बॅटऱ्या आणल्या. मी लिथियमचं नाव काढलं, तर म्हणाले, टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं खोलीभर बॅटऱ्या सांभाळल्यात, तू मला शिकवू नकोस. गाडी दारातच लावून परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज बंद. (आत इन्सुलिन नव्हतं, माझं लोणी होतं. तेवढी अक्कल मला आहे.)

शेवटी मी बॅटरीवालीला बोलावलं. जेमतेम तिशीची, पण बाई काय हुशार. सीटखाली अर्धी शिरली, मीटर लावला आणि यांचा जराही अपमान न करता समजावलं. शिशाची बॅटरी सारखी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. लिथियमची जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, वजनही निम्म्याहून कमी. महाग आहे आणि कडाक्याच्या थंडीत चार्ज करायची नाही, हेही लपवलं नाही. यांचा एक्स्चेंजचा पाढा चालूच. तेव्हा ती म्हणाली, "काका, तिथे वीज गेली तरच बॅटऱ्या कामाला लागायच्या. गाडीत वीज रोजच गेलेली असणार."

यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझं चुकलं." वन्सं, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरना हे वाक्य आम्हाला बाकावर उभं करून वदवून घ्यावं लागे (मला अजून जमत नाही). लिथियमची बसवली, चौथ्या दिवशीही लोणी घट्ट. परवानगी मिळाली. कौतुक कोणाचं जास्त करावं, तिचं की यांचं, हे ठरत नाही.

तुमची भावजय

ता. क. निघणं अडलंय ते त्या शिशाच्या बॅटऱ्यांपायी. यांना त्या कोणाला देववत नाहीत आणि एकट्या सोडवत नाहीत. तीन महिने इथे येऊन राहाल का? महिन्यातून एकदा झाकणं उघडून डिस्टिल्ड पाणी घालायचं, एवढंच.

आणखी ता. क. माझे गुलाब मेले तर मला कळवा. बॅटरी मेली तर कोणालाच कळवू नका.