साहेबांच्या आधीची रपेट

३ मार्च, सोमवार

आजही उजाडायच्या आत घोडीवर खोगीर चढवलं. मागच्या फाटकातून बाहेर, कालव्याच्या कडेने विटांच्या भट्टीपर्यंत भरधाव, येताना दुडकीने. मग पुन्हा तेच. ताईंनी, साहेबांच्या मुलीने, सांगितलं आहे तसं — साहेब बसायच्या आधी तिच्यातली रग उतरलेली असली पाहिजे.

परत आलो की खरं काम. घाम पोत्याने टिपायचा. खोगिराखाली केस दबतात, ते ओल्या फडक्याने आधी उलटे, मग सुलटे बसवायचे. पोटाखालच्या पट्ट्याची खूण ब्रशने घालवायची. खुरांतला चिखल काढायचा. मग दुसरं, कोरडं खोगीर. साहेब येतात तेव्हा घोडी रात्रभर झोपून उठल्यासारखी दिसते.

साहेब आज उतरताना म्हणाले, "बघितलंस? मी नुसता विचार केला आणि ही वळली. हात अजून गेलेला नाही माझा."

मी हो म्हणालो. काही वाटलं नाही.

४ मार्च, मंगळवार

दोन फेऱ्या. खूण राहिली नाही.

५ मार्च, बुधवार

साहेबांनी आज दोन्ही गुडघे आणि खोगीर यांच्यामध्ये एकेक नाणं धरलं आणि मैदानाला चकरा मारल्या. नाणी पडली नाहीत. वय एकोणऐंशी! पलटणीत नव्या स्वाराला असंच शिकवायचे म्हणे — नाणं पडलं की त्या दिवशीचा चहा बंद. ते गेल्यावर मी करून पाहिलं. घोडी हलायच्या आधीच नाणं खाली.

एवढ्या लढाया केलेला माणूस, पण पुढच्या खोलीत एकही पदक लावलेलं नाही. भिंतीवर सगळे घोडे. ताई पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे आईचा एक फोटो आणि घोड्यांचे अकरा. आणि आईच्या फोटोतही मागे घोडा आहेच." पाहुणे हसतात, साहेबही हसतात. मग दूधवाल्याच्या तट्टाची गोष्ट निघते. सहा वर्षांचे असताना साहेब त्या तट्टावर बसून किटल्यांसकट पसार झाले होते. अख्खी गल्ली बिनदुधाची! वडिलांनी चामडी लोळवली. साहेब म्हणतात, रडलो खरा, पण माराने नाही. तट्टू परत द्यावं लागलं म्हणून.

खोगिराला पाय ठेवायची कडी असते ती "रिकीब", हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला. नववीत शाळा सुटली. निदान वहीत तरी चूक नको.

७ मार्च, शुक्रवार

बाबांना जाऊन तीन महिने झाले. बाबा साहेबांचे मोतद्दार. पलटणीत आणि नंतर इथे, घोड्यांचं सगळं त्यांच्याच हाती होतं. तबेल्याशेजारच्या याच खोलीत गेले. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी खरारा माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुझा बाप माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. तू त्याचा मुलगा. मला दुसरं काही विचारायचं नाही."

अजून रडू आलेलं नाही. स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात, "येईल रे केव्हातरी. बस चुकल्यासारखा चेहरा करून फिरू नकोस नुसता. जेव."

जेवलो.

८ मार्च, शनिवार

ताईंनी आज पुन्हा बजावलं, एकही दिवस चुकवायचा नाही. त्यांचं मला कळतं. गेल्या वर्षी घोडी बुजली आणि साहेब पडले. बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. ताई दवाखान्याच्या बाकावर झोपायच्या. साहेब शुद्धीवर आले आणि पहिलं विचारलं ते घोडीचं. तिला लागलं का? जानेवारीत पुन्हा बसायला लागले तेव्हा ताई इथे तबेल्यात आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते थांबणार नाहीत. मग आपण घोडीला थांबवायचं. आणि हे त्यांना कळता कामा नये."

तेव्हापासून चाललं आहे.

१० मार्च, सोमवार

साहेब बसलेले असताना घोडीने मान उडवली. एकदाच. साहेबांना मजा वाटली. उद्यापासून तीन फेऱ्या. मला कोणी सांगितलेलं नाही. पण पडले तर?

१२ मार्च, बुधवार

घोडी अडखळली. सपाट मैदानात, खड्डा नाही, दगड नाही. पुढचे दोन्ही गुडघे टेकले. साहेब मानेवर गेले, पण मांड सुटली नाही. तिचं डोकं सैल सोडलं, तिला उठू दिलं, तिच्याबरोबर स्वतःही उठले. दुसरा कोणीही मातीत गेला असता. मी पंधरा पावलांवर उभा होतो आणि हललोसुद्धा नाही.

साहेब उतरले. तिच्या पायांवरून हात फिरवला, मग छातीला कान लावून बराच वेळ उभे राहिले.

दमली होती. दुसरं काही नाही. तीन फेऱ्या.

१३ मार्च, गुरुवार

घोड्यांचे डॉक्टर आले. ताईंनी त्यांना फाटकातच गाठलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. रक्त घेतलं, डोळे पाहिले, काळजी करण्यासारखं काही दिसत नाही म्हणाले, थोडी विश्रांती द्या. हे म्हणताना माझ्याकडे पाहत होते. साहेब म्हणाले, "तुम्ही तिला उभी बघताय डॉक्टर. मी तिच्यावर बसतो. आतून विझत चालली आहे ती."

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं आणि बॅग बंद केली.

आज दोनच फेऱ्या, तिसरी नाही. पण पाय उचलायलाच तयार नव्हती.

१५ मार्च, शनिवार

ठरलं. मंगळवारी डॉक्टर इंजेक्शन घेऊन येणार. आणि घोडी जाणार.

साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, हुकूम द्यावा तसं. मग कधी नाही ते बस म्हणाले. मी पायरीवर बसलो. लढाईत त्यांच्याकडे एक करडा घोडा होता. अंगावर दोन गोळ्या खाऊनही त्याने त्यांना नदीपार आणलं. पुढे म्हातारपणी तो असाच मंद झाला, असाच सपाटीवर अडखळला. साहेबांना कळत होतं. पण आज नको, उद्या बघू, असं करत राहिले. शेवटी चार दिवस तो ठाणात पडून पाय झाडत होता आणि गोळी घालायला त्यांचा हात उठेना. ती घातली बाबांनी.

हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "एकदा उशीर केला. पुन्हा नाही."

मी इथे आलो. हात धुतले. पुन्हा धुतले.

१६ मार्च, रविवार

ताईंकडे गेलो. त्या हिशेब करत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, की घोडीला काही झालेलं नाही, आपण दमवतो म्हणून होतंय, आता साहेबांना सांगितलं पाहिजे. वाक्य खोलीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. तरी मध्येच अडकलं.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, सांगितलं तर ते उद्याच ताज्या घोडीवर बसतील, आणि या वेळी बरगडीवर भागणार नाही. म्हणाल्या, ही गेली तर नवा घोडा घ्यायचं त्यांच्या मनात नाही, त्यांनी स्वतः सांगितलंय मला. म्हणजे बसणंच संपेल. मग एकदम हळू आवाजात, "घोडी गेली तर गेली रे. बाबा तर राहतील."

मी बरं म्हणालो.

मावशी दारात होत्या, त्यांनी ऐकलं असणार. वाढताना फक्त एवढं म्हणाल्या, "मरण दोघांचं ठरलंय, घोडीचं आणि साहेबांचं. ठाऊक नाही ते एकालाच. आणि ते जनावर सुखात चारा खातंय."

१७ मार्च, सोमवार

सकाळी फेरी नाही. उपयोग काय? साहेबही बसले नाहीत.

संध्याकाळी साहेब स्वतः तबेल्यात आले. बाह्या वर केल्या, खरारा माझ्या हातातून घेतला. आज मी करतो म्हणाले. मानेपासून सुरुवात, गोल गोल, मग केसांच्या दिशेने. बाबा करायचे तसंच. की बाबा त्यांच्यासारखं करायचे, कोण जाणे. घोडीने डोळे मिटले. एक कान त्यांच्याकडे. मी बादली धरून उभा. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"साहेब, ती आजारी नाही," मी म्हणालो. "दमलेली असते."

"कशाने?"

"मी दमवतो. तुम्ही यायच्या आधी. भट्टीपर्यंत."

खरारा थांबला नाही. ती बाजू पुरी केली. मागून फिरून पलीकडे गेले, ती बाजू सुरू केली. घोडीच्या पाठीवरून मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"केव्हापासून?"

"जानेवारीपासून."

कोणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही. खरारा फिरवत म्हणाले, "दमलेलं जनावर मला कळत नाही असं वाटतं तुला? पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. पण तू त्याचा मुलगा. म्हटलं, असं होणारच नाही. मग दुखणंच असणार."

मी बादली खाली ठेवली.

"म्हणजे अडीच महिने मी थकलेल्या घोडीवर बसून मिशीला पीळ देत होतो."

खरारा खिळ्याला अडकवला. जाताना तिच्या नाकावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टर आले. साहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. घोडी राहिली.

ताई दुपारी आल्या. मी खोली आवरून, कपडे पिशवीत भरून ठेवले होते. त्यांनी पिशवी पाहिली. म्हणाल्या, "कुठे निघालास? घोडी कोण बघणार?" मग म्हणाल्या, "बाबा सकाळपासून खोलीत आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. बुटांना पॉलिश करून कपाटात ठेवून दिलेत."

पिशवी तशीच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

घोडी ताजी झाली आहे. सकाळी ठाणातच नाचते. आज लगाम धरून चालवायला नेलं तर मलाच ओढत नेलं. साहेब आले नाहीत.

२३ मार्च, रविवार

आले नाहीत. मावशी म्हणतात, जेवणही अर्धंच. खिडकीचा पडदा लावलेला असतो, मैदानाकडचा. ताई फाटकाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, हेच तर हवं होतं मला. आणि तोंड फिरवलं.

मी घोडी वाचवली. साहेबांचं काय केलं ते कळत नाही. दोन्ही वाक्यं तपासली. बरोबर आहेत.

२४ मार्च, सोमवार

काही नाही.

२६ मार्च, बुधवार

साहेब आले. बूट घालून, नेहमीच्या वेळी. घोडी त्यांना पाहून फुरफुरली, आडवी सरकायला लागली, मला आवरेना. ते जरा लांबच थांबले. तिला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फिरवून आणलीस?"

"नाही साहेब."

"मग आण. मी थांबतो." आणि मैदानाच्या कडेला दगडावर बसले. मी घोडीवर बसलो तेव्हा मागून म्हणाले, "एकच फेरी. आणि तो डावा हात सैल सोड. तुझा बापही असाच आवळून धरायचा."

भट्टीपाशी पोचेपर्यंत मला पुढचं दिसेना. घोडीनेच वळून परत आणलं.