दाजींचं ट्रेनिंग

१२ नोव्हें.
माजिवड्याच्या ऑफिसात मीटिंग. ठरलं एकदाचं. सगळ्या कंटेनर टर्मिनलांवर एकच सिस्टिम, सुरुवात कल्याणपासून. एक डबा कुठे अडकलाय ते विचारायला चार ठिकाणी फोन करणं बंद. गेटवर नोंद झाली की सगळीकडे दिसणार. गेट क्लार्कचं ट्रेनिंग माझ्याकडे. शेवटी प्रत्येकासाठी मी सही करायची, की हा माणूस तयार आहे.
कल्याणच्या गेटवर दाजी आहेत. ताईचे मिस्टर. बॉसना, कुलकर्णी सरांना, हे नातं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१८ नोव्हें.
ट्रेनिंग सुरू. टॅबवर कंटेनरचा नंबर येतो. समोरच्या डब्यावरचा बघायचा. भरलेला की रिकामा तेही. जुळलं तर हिरवं बटण. बस. दाजींच्या शेजारी बसणारा शिंदे लगेच शिकला. दाजी मागच्या खुर्चीत. "चष्मा घरी राहिला गं." तिथे सगळे मला मॅडम म्हणतात, त्यात हा 'गं'. हशा.

२० नोव्हें.
आजही चष्मा नाही. अक्षरं मोठी करून दिली, तरी बोट बटणाच्या बाजूला पडतंय. टॅब तिरका धरून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, कोंबडी बघते तसं.
मग गेटवर जाऊन उभी राहिले. दाजी ड्रायव्हरवर ओरडतात, "नंबर बोल!" तो बोलतो. शिंदे डब्याकडे बघून म्हणतो "बरोबर". दाजी मान हलवतात. लोकांना वाटतं, काय रुबाब आहे गायकवाडसाहेबांचा.
घरी आले. रविवारी ताईकडे जायचं ठरवलं.

२३ नोव्हें., रवि.
डोंबिवलीला ताईकडे गेलेले. दाजी बुद्धविहारात. ताई भाकऱ्या करत होती. सरळ विचारलं, दाजींना दिसतंय ना?
तिने गॅस बंद केला. म्हणाली, "मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं." डॉक्टर म्हणे, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू. भाचीचं, पिंकीचं, नर्सिंग अजून व्हायचंय.
"तू पास कर ना वर्षा त्यांना. शिंदे आहेच शेजारी."
नाहीये ना. नव्या सिस्टिममध्ये एका गेटला एकच माणूस. शिंदेला दुसरं गेट. हे मी तिला सांगितलं नाही. तिने भाकऱ्या बांधून दिल्या, मी घेऊन आले.

२७ नोव्हें.
ट्रायल. शिंदे दुसऱ्या गेटवर, दाजी एकटे. दुपारी एक भरलेला डबा रिकामा म्हणून आत गेला. रिकामे डबे उचलायचं मशीन वेगळं, हलकं. त्याने उचलायला घेतला आणि मागची चाकं जमिनीवरून उठली. मी शेडमधून बघतेय. ओरडले असेन. ऑपरेटर अन्सारीभाईंनी कसाबसा खाली टेकवला. खाली उतरून म्हणाले, "बाल बाल बचे, मॅडम."
सर फोनवर: "बग शोध, वर्षा."
बग नाहीये. सिस्टिमने विचारलं होतं, भरलेला ना? दाजींच्या आयडीवरून 'रिकामा' गेलंय. रिपोर्टात लिहिलं, तपास चालू.

२८ नोव्हें.
दाजींना चहाच्या टपरीवर गाठलं. आधी चिडले. "दिसतं मला. गाडी दिसते, माणूस दिसतो. आत्ता तू समोर आहेस, तुझी ओढणी दिसते."
"आणि मी?"
"चेहरा तेवढा नाही."
मग दाजींनीच विचारलं, "अन्सारीला लागलं असतं का गं?"
"मशीन उलटलं असतं, दाजी."
चहा तसाच ठेवून आत गेले. पाठीमागून चाल बघितली. ताठ. कोणाला कळेल?

२ डिसें.
सरांना विचारलं, कल्याणच्या गेटवर दोन माणसं ठेवता येतील का? किंवा टॅबने नंबर मोठ्याने वाचून दाखवला तर?
"एका गेटसाठी सिस्टिम बदलायची? कोणाला प्रॉब्लेम आहे?"
"कोणाला नाही."
असं म्हणाले मी. कोणाला नाही.

४ डिसें.
ताईचा फोन. दाजींनी मशीनचं सांगितलं असणार, पण ती त्यावर बोललीच नाही. "एवढी शिकलीस, आणि तुझ्या कॉम्प्युटरात माझ्या नवऱ्याला बसायला जागा नाही?" मी म्हटलं, ताई, कोणीतरी मरेल. ती म्हणाली, "आणि आम्ही?" फोन ठेवला. नंतर केला, उचलत नाही.
बाकी सगळ्यांसाठी माझी सही झाली. दाजींची राहिलीय. सर रोज विचारतात. उद्या, उद्या म्हणतेय. सरांना स्वतःच सांगा म्हणून दाजींना मेसेज टाइप केला, मग आठवलं, तो ताईच वाचून दाखवणार. पुसला.

८ डिसें.
ऑफिसच्या रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून लिहितेय, दुसरं काही सुचत नाही.
सकाळी खालून फोन, कोणी गायकवाड आलेत. दाजी. इस्त्रीचा शर्ट, सोबत ताई. न कळवता आलेले.
"तुझ्या सरांना भेटायचंय."
"काय सांगणार, दाजी?"
"मशीनचं सांगतो. माझ्यामुळे झालं म्हणून."
"आणि डोळ्यांचं?"
"बघू."
मी येते म्हटलं तर हाताने थांबवलं. एकटेच सरांच्या केबिनमध्ये गेले, काचेच्या दाराला हात लावून चाचपत. ते ताईने पाहिलं, मीही पाहिलं.
ताई माझ्या शेजारी बसलीय. पर्स मांडीवर.
काचेतून दिसतंय. दाजी बोलतायत, सर ऐकतायत. सरांचा चेहरा समजत नाही. मध्येच उठून त्यांनी दाजींना पाणी दिलं. ते चांगलं की वाईट?
आता सरांनी एक कागद पुढे केलाय. वर पेन ठेवलंय. कसला कागद, इथून कळत नाही. दाजींनी तो उचलला. समोर धरून बसलेत. खूप वेळ. सर वाट बघतायत, वाचून होईल म्हणून.
म्हणजे डोळ्यांचं सांगितलेलं नाही.
ताईने माझ्या हातावर हात ठेवला. "आत वाचून दाखवायला कोणी नाहीये, वर्षा."
जातेय.