चिंचेजवळचं घर

५ फेब्रु., गुरु.
रविवारी बसवकल्याणचे पाहुणे सुजाताला बघायला येणार. ह्यांनी फोनवर पत्ता दिला, "नौबादला उतरा, चिंचंजवळच घर." चिंच रस्ता रुंद करताना तोडली, त्याला वर्षं झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान, शेजारी तसलंच दुसरं. म्हटलं, लोकेशन पाठवा. "कामून? अख्खं नौबाद अजून चिंचच म्हणायलंय की!" खरंय म्हणा. रिक्षावाल्याला मीही तेच सांगते.

८, रवि.
सकाळी येणारे पाहुणे दुपार झाली तरी नाहीत. फोन लागेना. सुजाताच्या निऱ्या पुन्हा पुन्हा नीट करून झाल्या, मी स्वयंपाकघरात रडून घेतलं.
मग आले. हसत! सोबत मागच्या कॉलनीतल्या शांताक्का. नव्या रिक्षावाल्याने त्यांना खऱ्या चिंचेकडे नेलं, इकडे उरलेली ती एकच, अक्कांच्या अंगणात. दारात आलेल्याला आधी पाणी, मग खाणं; नाव-गाव नंतर. अक्कांनी चुरमुऱ्यांचा सुसला खाऊ घातला, दोनदा चहा पाजला. शेवटी मुलाची आई म्हणाली, "आता मुलीला बोलवा की." अक्का म्हणाल्या, "कोणची मुलगी? मला दोन पोरंच हायत!"
मुलगा हसून हसून लाल. आमचे पोहे मात्र कुणाला जाईनात.

९
संध्याकाळी चिंचेच्या जागी उगाच थांबले. सुजाताला इथूनच शाळेच्या बसमध्ये बसवायचे, दप्तरात चिंचा भरून न्यायची. दुकानदार म्हणाला, "रिचार्ज का, मॅडम?" फार वाईट वाटलं. नव्या रस्त्यावर बस वेळेवर येते, ते बरंय. पण सावली कुठंय?

१२
निरोप नाही. हे जेवताना म्हणाले, "माझ्या पत्त्यानं पोरीचं बिनसलं बघ." सुजाता ताटात बघत म्हणाली, "पप्पा, मुलगा चांगला होता." एवढंच.

१३
फोन आला! मुलाचे वडील, स्पीकरवर. "आता तुम्ही या आमचं घर बघायला. स्टँडवरनं रिक्षा करा, टॉकीजजवळ म्हणा."
ह्यांनी सावधपणे विचारलं, "टॉकीज हाय का अजून?"
पलीकडे मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुलगाच असणार.
"न्हाई हो, पाडली. पण समदे तसंच म्हणतेत."
सुजाता पदर तोंडाला लावून आत पळाली. रविवारी निघतोय. घर सापडेपर्यंत कुणीतरी चहा पाजेलच.