लेखनिक कमी शिकलेला हवा

३ एप्रिल १९८१
भिंतीपलीकडे आधी भांडं आपटलं. मग लताबाई ओरडल्या — एकदाच. माझ्याआधी बायको, विमल, धावली. लताबाई चुलीजवळ बसलेल्या, उजवा हात पदरात, पदर लाल. त्यांचा नवरा कारभारी मोरीत वरवंटा धूत होता. धुऊन पाट्यावर नीट ठेवला. मला म्हणाला, "या ना भाऊ, बसा."
जकात नाक्यावर कारकून आहे. आवाज कधी चढवत नाही!

४ एप्रिल
चार बोटं मोडली. सिव्हिलमध्ये प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? लताबाई म्हणाल्या, नळावर घसरून पडले. मी शेजारीच उभा.
बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितलं. नऊ तारखेपासून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर, बाहेरून बसल्यात. पास झाल्या तर जूनपासून वणीच्या शाळेत नोकरी, राहायला खोली. हे कारभारीला परवा कळलं, काल त्याने वरवंटा उचलला. मारहाण म्हटलं की पोलीस, जबाब, पंचनामा — पेपर राहिले बाजूला. "आधी परीक्षा होऊ द्या, भाऊ."
आजपासून त्या आमच्याकडे. विमलने स्वयंपाकघरात अंथरूण घातलं.

६ एप्रिल
केंद्रावर गेलो. केंद्रप्रमुखांनी नियम वाचून दाखवले. डॉक्टरांचा दाखला असेल तर लेखनिक मिळतो. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, अर्धा तास जादा. लेखनिकाने सांगेल तेवढंच लिहायचं. आणि तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा. अर्जात खोटं निघालं तर निकाल रद्द!
लेखनिक आणायचा कुठून? लताबाई सध्या इथल्या शाळेत तात्पुरत्या शिकवतात, तिथल्या बाया सगळ्या पदवीधर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिक. वीस-बावीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या लिहितोय, पान सुटायच्या आत हात चालवायची सवय.
विमल म्हणाली, "तुम्ही मॅट्रिक राहिलात, त्याचा एकदाचा कुणाला तरी उपयोग झाला."
अर्ज मीच लिहिला. कारण — नळावर पडून दुखापत. लिहिताना हात थांबला नाही, याचंच वाईट वाटलं. लताबाईंनी डाव्या हाताने सही केली. कोंबडीच्या पायासारखी.

८ एप्रिल
इतिहासाची पुस्तकं आणायला विमल त्यांच्या खोलीत गेली. सगळी बादलीत भिजत घातलेली. वर साबणाचा चुरा! कारभारी खाटेवर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "वहिनी, मळकी होती फार."
पानं दोरीवर वाळत घातली. निम्मी चिकटली.

९ एप्रिल
पहिला पेपर. त्या सांगतात, मी लिहितो. सवयीने मी काटछाट करत गेलो — पाल्हाळ दिसलं की गाळायचं, अंगवळणीच पडलंय. तिसऱ्या पानावर त्यांनी वाकून पाहिलं.
"मी पाच वाक्यं सांगितली. इथं दोनच."
म्हटलं, अर्थ तोच आहे.
"हे माझं उत्तर आहे भाऊ, तुमची बातमी नाही."
पर्यवेक्षकांनी मलाच ताकीद दिली. खोडून सगळं परत लिहिलं. शब्दाला शब्द. कान लाल झाले होते.

११ एप्रिल
दुसरा पेपर. फाटकाशी कारभारी उभा, इस्त्रीचा सदरा. "भाऊ, तुमचा हात फार चालतो म्हणे." एवढंच बोलला.
लताबाई रोज पहाटे डाव्या हाताने अ आ इ ई काढतात. मी छापखान्यातून वाया गेलेले कागद आणून देतो. कशाला, विचारलं. म्हणाल्या, असू द्या.

१५ एप्रिल
पेपर सुटल्यावर फाटकातच त्याने त्यांना वेणीला धरून ओढलं. प्लास्टर भिंतीवर आपटलं. दोनदा. मी मध्ये पडलो, तर माझं डोकं लोखंडी फाटकावर. बंदोबस्ताचा हवालदार सावलीत उभा होता. त्याचं म्हणणं, घरचं घरी मिटवा, इथे परीक्षा शांततेत सुरू आहे.
रक्त पुसून कामावर गेलो. बातमी काय दिली? 'परीक्षा शांततेत सुरू.' हवालदाराचं म्हणणं जसंच्या तसं!
रात्री विमल विळी उशाशी घेऊन झोपली.

१८ एप्रिल
(डाव्या हाताने. सावकाश.)
पेपर झाला. लताबाई विमलबरोबर घरी गेल्या. मी केंद्रासमोर अकबरभाईंच्या हॉटेलात बसलो. कारभारी आला. नमस्कार केला. दोन चहा सांगितले. माझा उजवा हात टेबलावर होता. त्याने तो प्रेमाने धरल्यासारखा धरला. दुसऱ्या हाताने पिशवीतून वरवंटा काढला.
तोच वरवंटा.
तिसऱ्या घावाला अकबरभाईंनी त्याला मागून आवळलं. सुटून पळाला. चहाचे पैसे टेबलावर ठेवून!
सिव्हिल. तेच डॉक्टर. विचारलं, कसं झालं? फिर्याद दिली तर लताबाईंच्या हाताचंही निघणार, अर्जातलं खोटंही निघणार. म्हणालो, नळावर पडलो.
डॉक्टर म्हणाले, "तुमच्या चाळीचा नळ फार माजलाय."

१९ एप्रिल
उद्या शेवटचा पेपर. नवा लेखनिक हवा तर परवानगी नव्याने. आज रविवार, कचेरी बंद. दुखतंय फार.
लताबाई शांत. कागदावर डाव्या हाताने ओळी काढतायत. आता कळलं कशाला ते.

२० एप्रिल
लताबाई पेपराला गेल्या. विमल आणि अकबरभाई दोन बाजूंना. कारभारी फाटकाशी होता — अकबरभाईंच्या हातात भट्टीची सळई पाहून मागे सरला.
साडेतीन तासांत डाव्या हाताने चार पानं. पन्नास मार्कांचंच झालं, म्हणाल्या. पदराला शाई.

२८ जून
अक्षर माझं नाही. हात अजून मिटत नाही, म्हणून मी सांगतो आणि लताबाई लिहितात. डाव्या हाताने. वणीहून कालच आल्या. निकाल लागला — बी.ए. झाल्या! शेवटच्या पेपरात काठावर. म्हणजे नियमाने आता त्या माझ्या लेखनिक होऊ शकत नाहीत. लेखनिक कमी शिकलेला हवा. हे सांगितलं तर हसल्या, पण लिहिलं.
सांगितलं तसंच लिहिलं, भाऊ. आता पुढचं माझं. सकाळी चौकीत जाऊन आले. माझ्या हाताची फिर्याद दिली. अर्जात नळाचं खोटं लिहिलं, तेही लिहून दिलं. निकाल रद्द करायचा तर करू द्या. तुमच्या हाताची फिर्याद तुम्हीच द्यायची म्हणतात. अकबरभाई साक्षीला तयार आहेत. उठा, रिक्षा खाली उभी आहे.