दोन डब्या

९ फेब्रुवारी २०२०
टपालाने दोन पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक हिच्या. पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांना सरकारकडून दर दोन वर्षांनी येतात म्हणे. आत छोटी डबी, झाकणाला काडी आणि नाव छापलेला स्टिकर. काडीला शौच लावायचं, डबी बंद करायची, प्रयोगशाळेला पाठवायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यांना दिसतं. दिसलं की मागून कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याचा कॅन्सर शोधतात.
हिने सगळं उरकून डबी खिडकीत ठेवलीसुद्धा. मी उद्या.

१० फेब्रुवारी
उद्या.

११ फेब्रुवारी
माझ्यामुळे हिची डबी अडली आहे. दोन्ही एकदमच टाकू म्हणते. लेकीला फोन करून चुगली केली. लेक म्हणाली, बाबा, लहान मुलासारखं काय करता. शेवटी भरली. तपशील लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
माझं काही खरं नाही. नाताळापासून पोट गुडगुडतंय. डबीत नक्की काहीतरी निघणार, मग ती नळी.
हिची तब्येत म्हणजे दगड. साधी सर्दी होत नाही. तिच्या नावावर वाईट रिपोर्ट आला तर तिला नळी घालतील, काही सापडणार नाही, घरी पाठवतील. ती नळीबिळीला घाबरत नाही. म्हणजे नुकसान कोणाचंच नाही.
औषधांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पॅकिंगचा सुपरवायझर आहे. ही भाजी आणायला गेल्यावर किटली ठेवली. वाफेवर स्टिकर अलगद सुटतात, कोपरासुद्धा फाटत नाही. माझा तिच्या डबीला, तिचा माझ्या. ही यायच्या आत टपालपेटीत टाकून आलो. आज्ञाधारक नवरा म्हणून चहा मिळाला.

२८ मार्च
लॉकडाउन. प्रयोगशाळेचे लोक कोरोनाच्या कामाला लावलेत, आपले रिपोर्ट लांबणीवर. कारखान्यात एक आड एक दिवस जायचं. उरलेल्या दिवशी व्यायाम करणार.

१८ जून
रिपोर्ट आले. तिच्या नावाची डबी स्वच्छ. माझ्या नावाच्या डबीत रक्त.
आधी जीव भांड्यात पडला. स्वच्छ डबी माझी होती. मला काही नाही! एवढ्यात ही माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मग लक्षात आलं, रक्त कोणाचं ते.
सांगायचं. आजच. जेवण झाल्यावर.
जेवणानंतर: रडून रडून झोपली. झोपमोड नको.

१९ जून
हॉस्पिटलचा फोन. कोरोनामुळे नळीच्या तपासण्या बंद, फक्त अगदी तातडीच्या पेशंटच्या होतात. माझं नाव रांगेत घातलंय.
म्हणजे आज सांगून तरी उपयोग काय? तीही रांगेतच बसणार. उगाच जिवाला घोर. तपासण्या सुरू झाल्या की त्याच दिवशी सांगणार. ही काळ्या दगडावरची रेघ.

५ ऑगस्ट
आजारपण वाटतं तितकं वाईट नाही. सकाळी सूप, दुपारी पपई, पाठीला उशी. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन करतो. मला वजन उचलायची बंदी आहे, आणि लिफ्ट बंद, त्यामुळे सामान हीच वर आणते. हल्ली प्रत्येक मजल्यावर टेकते. मास्क लावून कोणालाही धाप लागेल.

२२ सप्टेंबर
लेकीने हट्टाने हिला डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. दवाखान्यात कोणाला घेत नाहीत. फोन स्पीकरवर होता. हिने थकवा सांगितला, वजन उतरल्याचं सांगितलं, अधूनमधून पोटात कळ येते तेही. मला कळ माहीत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "शौचाची चाचणी केली होती का?"
ही म्हणाली, "केली ना, स्वच्छ आली. ह्यांच्यातच रक्त निघालंय हो. मला ह्यांची काळजी लागलीय."
डॉक्टर म्हणाले, "मग आतड्याची चिंता नको. काळजीनेही माणूस खंगतं. लोहाच्या गोळ्या घ्या."
मी समोरच बसलो होतो. बोलणारच होतो. पण डॉक्टर बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही.

११ नोव्हेंबर
तपासण्या सुरू. माझा नंबर लागला. आज तिला सांगायचं ठरलेलं होतं, पण एवढे महिने थांबून मिळालेला नंबर सोडायचा म्हणजे वेडेपणा. शिवाय दोन दिवस जुलाबाचं औषध घेऊन बसलो होतो, ते वाया गेलं असतं.
नळी घातली. मेलो नाही. आत सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, चाचणी कधीकधी उगाच घाबरवते.
ऐकलं? चाचणीच खोटी! म्हणजे हिलाही काही नाही. सांगायचं कारणच उरलं नाही. डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं. ही शेजाऱ्यांच्या दारांना मिठाईचे पुडे अडकवून आली आणि जिन्यातच बसली.

१४ जानेवारी २०२१
पहाटेपासून हिला उलट्या, पोट फुगलेलं. ॲम्ब्युलन्स. मला आत सोडलं नाही, पार्किंगमध्ये बसून होतो. दुपारी सर्जन बाहेर आले. आतड्यात गाठ, वाट पूर्ण बंद, यकृतापर्यंत पसरलंय. म्हणाले, सहा-सात महिने आधी आल्या असत्या तर बरंच काही करता आलं असतं. पण रिपोर्ट स्वच्छ, कोणाला शंका तरी कशी येणार.
मी म्हणालो, प्रयोगशाळा म्हणजे नुसता गलथान कारभार. सर्जनांनी मान हलवली. मला खरोखरच संताप आला होता.

२ फेब्रुवारी
आज भेटायला सोडलं. तिचा हात हातात आहे की नाही कळेना एवढा हलका झालाय. म्हणाली, "अहो, बरं झालं, तुमच्यात काही निघालं नाही. तुम्हाला नसतं सोसलं हे."
सांगायला तोंड उघडलं होतं. पण आजारी माणसाला मनस्ताप द्यायचा नसतो. जरा सावरली की सांगतो.

१९ मार्च
अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी. लेकीने फोनच्या पडद्यावर बघितलं. मग म्हणाली, बाबा, त्या प्रयोगशाळेला कोर्टात खेचू. मी म्हणालो, आईला आवडलं नसतं.
लेक म्हणाली, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात.

९ फेब्रुवारी २०२२
टपालाने दोन पाकिटं आली. तिचं नाव अजून कोणी काढलेलं नाही.
पोट पुन्हा बरोबर नाही. ह्या वेळी रक्त बघायला प्रयोगशाळा लागत नाही, मलाच दिसतं. तरी हिंमत करून डबी भरली, बंद केली, ओट्यावर ठेवली. दुसरी शेजारी मांडली. किटली ठेवली.
वाफ यायला लागली तेव्हा लक्षात आलं, दुसरी डबी रिकामी आहे.
गॅस बंद केला.