माझ्या दुखवट्याचा चहा

म्हसावद

चिरंजीव ललित यास आजी तुळशीबाईचे (तुझ्या मते कैलासवासी) अनेक आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे, मी तेवढी मेलेली आहे. तुझी तब्येत कशी? घसा बरा आहे ना? उभं राहून माणसं हसवायची म्हणजे घसा जातो, हे मला कोणी सांगायला नको. माझा तर दुसऱ्यांच्या मांडवातच गेला. पत्र शेजारची प्रतिभा लिहिते आहे. मी बोलते आपल्या बोलीत, ती लिहिते शाळेच्या मराठीत, त्यामुळे मी तुला आहे त्यापेक्षा शहाणी वाटेन. (ती हसते आहे. म्हटलं, हेही लिही.)

तर झालं असं. मंगळवारी मी ओट्यावर तूर पाखडत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायकांचा गळा ऐकू आला. आपल्याकडे दुखवट्याला येणाऱ्या बायका तिथूनच रडत येतात आणि पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतात, हे तू पुण्यात जाऊन विसरला नसशील. मीही रीतीप्रमाणे पदर ओढला आणि रडणं कोणाच्या दारी थांबतं ते ऐकत बसले. तर ते माझ्याच दारी थांबलं. पुढची बाई माझ्या गळ्यात पडली आणि ओरडली, "माय वं, मन्ही वहिनी गयी वं!" गळ्यात पडलेल्या बाईला कोण गेलं हे आधी विचारायचं नसतं, आधी रडायचं असतं. मी रडले. मनापासून रडले. (बऱ्याच दिवसांत कोणी गळ्यात पडलं नव्हतं, म्हणून असेल, पण सोपं गेलं.) दोघींचं पोटभर रडून झाल्यावर मी हळूच विचारलं, "कोनती वहिनी वं?" ती म्हणाली, "तुळशी वहिनी वं, दुसरी कोन!" मग मी पदर वर केला. तिनेही केला. बघते तर पुरुषोत्तमनगरची वत्सला, तुझ्या आजोबांची बहीण. "तू ते जित्ती शे!" म्हणून तिने जी किंकाळी फोडली, ती आधीच्या रडण्यापेक्षा पुष्कळ खरी होती. तिच्या तोंडावर थोडा रागही होता. बिचारी गाडी करून आली होती.

मग उलगडा झाला. वत्सलाच्या मुलाने, हेमकांतने, मोबाइलवर तुझा कार्यक्रम पाहिला. तू म्हणालास, "माझी आजी गेली त्या दिवशीची गोष्ट," आणि हेमकांतने तेवढ्यावर कार्यक्रम बंद करून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. मी म्हटलं, अरे, मागे लोक हसत होते, ते नाही का ऐकलं? तर म्हणतो, मामी, मला वाटलं पुण्याची माणसं अशीच असतात. तुलाही फोन लावला होता म्हणे, तू उचलला नाहीस. (तो अनुभव मलाही आहे.) तुझा बाप सुरतेहून निघाला होता, गाडीत बसलासुद्धा होता. आई जिवंत आहे असं कळलं तेव्हा म्हणाला, "बरं झालं," आणि पुढच्या स्टेशनवर उतरून परत गेला.

मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, चहा शेजारून येतो. पण मेलेली मीच, म्हटलं चूल पेटवायला मला कोण अडवतो? माझ्या दुखवट्याचा चहा मीच केला, साखर जरा सढळ हाताने घातली. वत्सला वाटेत माझ्याबद्दल जे जे चांगलं बोलायचं ठरवून आली होती, ते सगळं तिला बोलायला लावलं. वाया कशाला घालवायचं? उन्हं कलेपर्यंत बसल्या. उंबऱ्यात चपला मावत नव्हत्या. गेल्या तेव्हा कपबशा मी लगेच विसळल्या नाहीत, तशाच राहू दिल्या.

मग प्रतिभाने मला तुझा कार्यक्रम दाखवला. तुझं पोट ह्या धंद्यावर आहे म्हणून सांगते. तुझी आजी मरताना म्हणते, "मोटर बंद कर." हे कच्चं आहे. इथली लाइट सारखी जाते, शेतातली मोटर आपणहून बंद पडते, त्यासाठी कोणी जीव अडकवून ठेवत नाही. मरताना मी "लाइट आली का?" असं विचारेन. दुसरं, लोकांच्या आधी तू हसतोस. लग्नात विहिणीला चिडवायची गाणी मी आयुष्यभर जोडली, पण गाताना माझं तोंड कसं असायचं ते वत्सलाला विचार, दुखवट्याला बसल्यासारखं. आता मांडवात डीजे असतो, मला कोणी बोलवत नाही, ते सोड. तिसरं म्हणजे, जिला चिडवायचं ती विहीण मांडवात समोर बसलेली लागते. तिच्या पाठीमागे गायलं तर ते गाणं नव्हे, चहाडी. माझ्यावर गायलास तेव्हा मी कुठे होते?

रागवले नाही. तुझं काम वाढू दे. इकडे यायची धावपळ करू नकोस, मला इथे काही कमी नाही, प्रतिभा येता-जाता डोकावते. तब्येतीला जप.

तुझी, आहे तिथेच असलेली,
आजी

ता. क. आजी जिवंत आहे असं मोबाइलवर सांगायची घाई करू नकोस. तळोद्याची माणसं अजून यायची आहेत. मी साखर आणून ठेवली आहे.

ता. क. एक राहिलंच. गाणं संपलं की गाणारीने उठून विहिणीला स्वतःच्या हाताने लाडवाचा घास भरवायचा असतो. त्याशिवाय विहिणीने उठायचं नाही, अशी रीत आहे. मी बसले आहे. माझ्या दुखवट्याला एवढी माणसं येऊन गेली, ज्याने मला मारलं तो तेवढा आला नाही. येशील तेव्हा गल्लीच्या तोंडापासून आवाज देत ये. रडू नकोस, नुसतं "आजी" म्हण, म्हणजे मी पदर वर करूनच बसेन.